सुतळी घेऊन वेल्ह्याला

माझ्या वडिलांनी आयुष्यात पकडलेला सगळ्यात मोठा मासा आमच्या घरात खिळ्याला टांगलेला होता. मासा म्हणजे त्याच्या मापाची सुतळी. दोन वर्षांपूर्वी उजनीच्या पाण्यात आबांच्या जाळ्यात एक कटला आला. होडीतून काठावर उतरवायला तिघं लागले. व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढायच्या आधी आबांनी त्याच्या तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुतळी धरली, दोन्हीकडे गाठ मारली आणि ती घरी आणून बाहेरच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा खिळ्याला अडकवली. त्या खिळ्यावर आधी माझं बीएस्सीचं पदवीपत्र होतं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, म्हणून इथेही सांगून ठेवते. तरी पदवीपत्र आतल्या खोलीत गेलं आणि सुतळी बाहेर आली.

या सगळ्याचं मूळ म्हणजे आबांचे साडू. माझी मोठी मावशी भोरजवळ उत्रोलीला दिलेली. तिचा नवरा दगडूमावसा. भातशेती करणारा माणूस, पाण्याला भिणारा, जन्मात गळाला हात न लावलेला. पण कुठल्याही लग्नात पंगत बसली की समोरून आवाज यायचाच, "काय पावनं, घावला का एखादा आमच्या आईच्या माशाएवढा?"

आईचा मासा म्हणजे मावसाच्या आईचा. तिचं माहेर वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या धनगरवाडीत. बावन्न वर्षांपूर्वी तिथल्या नदीच्या डोहात तिनं गळावर एक खडशी ओढली. शहरातले लोक महाशीर म्हणतात तोच हा मासा. त्याचं माप डोहाकाठच्या कातळावर टाकीनं कोरून ठेवलंय. तेव्हापासून ती रेघ कुणी ओलांडलेली नाही. ज्या घराचा मासा सगळ्यात मोठा, त्या घराचा पहिल्या उंबराचा मान. दर साली भात काढून झालं की त्या घरातलं माणूस डोहात पिकलेलं उंबर टाकतं, मग बाकीचे गळ टाकतात. बावन्न वर्षं उंबर एकाच हातानं पडत होतं.

आबांना हे सलायचं. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे आम्ही, आणि रेकॉर्ड भातवाल्याच्या घरात! कटल्याची सुतळी खिळ्यावर चढली त्या दिवसापासून ते एकच म्हणत होते, "एकदा जाऊन लावून बगायची." गेल्या हिवाळ्यात माझ्या शाळेला सुट्टी लागली (मी विज्ञान शिकवते) आणि आम्ही बापलेक निघालो. आई म्हणाली, "दोन साडवांची मिळून शंभरी उलटली, आन्‌ मासं मोजत हिंडत्यात." पण तिनंच बहिणीसाठी सुक्या माशांची मोठी पुडी बांधून दिली.

भोरच्या एसटीत

सुतळी कुठे ठेवायची यावर घरात बरीच चर्चा झाली होती. पिशवीत नको, पिशवी चोरीला जाते. खिशात नको, खिसा फाटका. शेवटी आबांनी ती घडी करून गांधी टोपीच्या आत ठेवली. दिवसभर आबांनी टोपी काढली नाही. रस्त्यातल्या देवळांनाही टोपी घालूनच नमस्कार झाला.

स्वारगेटला गाडी बदलली आणि हायवेला लागल्यावर सुक्या माशांनी आपलं अस्तित्व दाखवायला सुरुवात केली. आधी पुढची मुलगी ओढणी नाकाला लावून बसली. मग मागून कुणीतरी खिडकी उघडली. कामथडीच्या आसपास कंडक्टर उठून आला.

"कुणाचं हाय हे?"

मी खाली बघायला लागले. आबा मात्र छाती पुढे काढून म्हणाले, "आमचं. उजनीचं हाय."

कंडक्टरनं पुडीकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "चिलापी का मरळ?"

"दोन्ही."

"आमच्याकडं मरळ मिळंना झाली बगा." पुढे भोर येईपर्यंत पुडी ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर मानानं बसून आली आणि उतरताना त्यातली मूठभर मरळ कमी झालेली होती. आबांनी स्वतः काढून दिली. तिकिटाचे पैसे मात्र कंडक्टरनं पूर्ण घेतले.

उत्रोली

आमच्याकडे नजर पोचेल तिथवर सपाट. पाणीही सपाट आणि जमीनही. इकडे डोळ्यांना सारखं काहीतरी आडवं येतं. डोंगर, त्यामागे डोंगर, त्यामागचा निळा. खाचरांमधून भात कापून झालं होतं, खुंट राहिले होते, आणि सगळ्या गावाला ओल्या पेंढ्याचा गोड वास होता. मी आबांना म्हटलं, "किती छान वास येतोय." आबा म्हणाले, "माशाचा न्हाई त्यो वास, म्हनून तुला छान वाटतोय."

मावसा अंगणात पेंढ्या रचत होता. आम्हाला बघून ओरडला, "या पावनं! मासा कुठंय?"

आबांनी फक्त टोपीवर बोट टेकवलं.

"टोपीत मावला? मंग केवढा असंल त्यो!"

मावशी हसून हसून उंबऱ्यावरच बसली. आबाही हसले, पण टोपी काढली नाही.

जेवायला मावशीनं तांदळाची भाकरी केली होती, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली, आणि आमसूल टाकलेलं माशाचं पातळ कालवण. आम्ही ज्वारीवाले, आणि आमचं कालवण लाल, घट्ट, नाकातून पाणी काढणारं. पहिल्या घासाला आबा म्हणाले, "औषध हाय का कालवन?" तिसऱ्या घासाला गप्प झाले. पाचव्यांदा वाढून घेतलं तेव्हा मावशी म्हणाली, "औषध आनिक देऊ का भावजी?"

मावसाची आई, आम्ही तिला आज्जीच म्हणतो, कोपऱ्यात भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. बुटकी, काटक, हातात हिरवा चुडा. मी तिच्याजवळ सरकले आणि तो मासा तिच्या तोंडून ऐकला. मावसाकडून मी तो वीसदा तरी ऐकला असेल. मावसाच्या गोष्टीत वीज चमकते, पूर येतो. आज्जीच्या गोष्टीत काहीच येत नाही.

"पयल्या बाळंतपनाला म्हायेरी गेलते. सातवा म्हयना. भावानं डोहात गळ टाकला आन्‌ मला म्हनला, ताई, दोरीवर लक्ष ठिव, म्या म्हशी पानी पाजून येतो. त्यो गेला आन्‌ दोरी वढली. म्या उंबराच्या मुळीला दोन येढं दिलं आन्‌ दोरीवर बसले."

"मग?"

"मंग काय? बसले. मासा वढतोय, म्या बसलीया. सात म्हयन्याची पोटुशी बाई बसली तर तिला कोन उठिवनार? सूर्व्य माथ्यावर आला तवा त्योच दमला."

मावसा लगेच पुढे सरसावला. "म्या साक्षीदार हाय! म्या व्हतो तितं!"

"पोटात व्हतास मुडद्या," आज्जी म्हणाली.

मी पिशवीतून शाळेची गुंडाळीची मोजपट्टी काढून दाखवली. म्हटलं, उद्या सेंटिमीटरमध्ये नीट माप घेऊ, वाद नको. दोन्ही साडू एका सुरात ओरडले, "टेप न्हाई!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं असावं. सुतळी विरुद्ध दगड, एवढंच ठरलं. आणि पंच दोन्ही घरांच्या बाहेरचा हवा, म्हणून भोरच्या रशीदभाईंना धरलं. त्यांचा टेम्पो तसाही आम्हाला नेणारच होता.

वेल्ह्याकडे

रशीदभाई म्हणजे बोलका माणूस. पेंढा, शेळ्या, मांडवाचं सामान, वऱ्हाड, सगळं वाहतात. "पन मासं मोजायचं भाडं पयल्यांदाच," असं म्हणून त्यांनी गाडी काढली. आज्जी आणि मी पुढे, दोन्ही साडू मागे हौद्यात पोत्यांवर. मागून सारखं ऐकू येत होतं.

"कटला म्हंजी तळ्यातला मासा. आमची खडशी धारंतली."

"धारंतली म्हनून सुकली असंल."

"तुमी जाळ्यात धरला. आमी गळावर."

"तुमी कुठं? तुमी पोटात व्हता."

नसरापूर सोडून आत वळलो. वेल्ह्याच्या अलीकडे तोरणा समोर उभा राहिला. शाळेत मी या किल्ल्याचं चित्र फळ्यावर काढते, साधा त्रिकोण. आता पोरांना खरं सांगायला हवं. तो त्रिकोण नाही, आडवा पसरलेला आहे, आणि सकाळच्या उन्हात त्याच्या कड्यांच्या घड्या मोजता येतात.

खिंड चढताना मेंढरं आडवी आली. शंभर-दीडशे असतील. हॉर्नचा त्यांच्यावर काडीचा परिणाम होईना. आज्जीनं खिडकीतून डोकं बाहेर काढून जिभेनं कसलासा आवाज केला, आणि सगळा कळप एका बाजूला सरकला. रशीदभाई म्हणाले, "आज्जे, ह्यो हॉर्न मला बसवून दे."

"म्हायेरचा हाय, इकत न्हाई," आज्जी म्हणाली. खिंडीनंतर ती बदलली होती. ताठ बसली होती, आणि रस्त्यातली झाडं मला बोटानं दाखवत होती, जणू नात्यातली माणसं.

डोह

पानशेतचं पाणी खाली निळं पसरलेलं होतं. आम्ही त्याच्या टोकाला उतरून नदीच्या कडेनं वर चालत गेलो. पायवाट निसरडी. मावसा दोन्ही हातांनी झाडं धरत, पाण्याकडे न बघता चालत होता. आबा मात्र घरच्यासारखे भराभर निघाले, आणि शेवाळावरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेले. पडताना त्यांनी दोन्ही हातांनी फक्त टोपी धरली.

"सुतळी भिजली का?" हे पहिलं वाक्य.

"लागलं का?" हे कुणी विचारलंच नाही.

सुतळी कोरडी होती.

डोह माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाला. काळसर हिरवं, थंड, स्थिर पाणी. वर वाकलेलं उंबराचं झाड, त्याची मुळं पाण्यात उतरलेली. काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले सात गोटे, आणि त्यांच्या पुढ्यात पाटासारखा सपाट काळा कातळ. कातळावर टाकीनं कोरलेल्या दोन रेघा. बस. मासा बिसा काही कोरलेला नाही. एक रेघ तोंडाकडची, एक शेवटची. मधली जागा लोकांनी हात फिरवून फिरवून गुळगुळीत केलेली.

आबांनी टोपी काढली. दोन दिवसांनी त्यांचं टक्कल बघून मलाच बरं वाटलं. सुतळी त्यांनी रशीदभाईंच्या हातात दिली आणि स्वतः चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. ओली पँट, ओठ घट्ट मिटलेले. जाळं ओढताना वजन लागतं तेव्हा ते असेच उभे राहतात.

रशीदभाईंनी एक गाठ पहिल्या रेघेवर ठेवली. मला म्हणाले, "ताई, हितं बोट दाबा." मी दाबलं. ते सुतळी ताणत दुसऱ्या रेघेपर्यंत गेले. गाठ रेघेच्या पलीकडे गेली. त्यांनी बोटं टेकवून मोजलं.

"चार बोटं. चार बोटं पुढं हाय."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते हसू लागले. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा ते असे हसले होते, त्यानंतर आत्ता. मावसानं स्वतः वाकून पुन्हा मोजलं. मग उभा राहून म्हणाला, "उनानं दगड आखडला असंल."

"हिवाळ्यात?" रशीदभाई म्हणाले.

आज्जी पुढे आली. सुतळीकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, आणि मान हलवली. "व्हय, व्हय. लई मोठा घावला की तुमाला." पदराच्या गाठीतून तिनं पिकलेलं लाल उंबर काढलं आणि आबांच्या तळहातावर ठेवलं. "आवंदा तुमी टाका. पन आदी एक मासा काढा. नव्या हातानं त्याबिगर उंबर टाकत न्हाईत."

आबा जाळ्याचा माणूस. गळ त्यांना खेळण्यासारखा. कणकेची गोळी लावून त्यांनी दोरी सोडली आणि मुळीवर बसले, उंबर डाव्या मुठीत जपून. थोड्या वेळानं दोरी हलली. आम्ही सगळे उभे राहिलो. आबांनी झटका दिला आणि वर आली वीतभर चिलापी. उजनीत पोत्यांनी सापडते ती, जिच्या वासापायी एसटीत खिडक्या उघडल्या ती!

"येवढ्या लांब येऊन घरचाच मासा धरला!" मावसा एवढा हसला की पाण्याची भीती विसरून काठापर्यंत आला.

आज्जीनं चिलापी कातळावर घेतली. कमरेचा चाकू काढला आणि मासा साफ करायच्या आधी, सगळ्यात आधी, शेपटी मुळापाशी छाटून डोहात टाकली. "शेपटी नदीची," असं पुटपुटली आणि खवले काढायला लागली.

मी कातळावरच्या दोन रेघांकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोंडाकडची एक रेघ. आणि दुसरी कुठली?

वर्गात मी पोरांना सांगते, माप घेताना आधी ठरवा, कुठून कुठपर्यंत. आणि तिथे मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू? आबांच्या मुठीतलं उंबर दिसत होतं. म्हटलं, कुणाला कळलं नाही, जाऊ दे.

पण आबाही त्याच रेघेकडे बघत होते.

"आई," ते म्हणाले, "तुमच्या टायमाला आदी शेपटी कापली, का आदी माप घेतलं?"

आज्जीनं मान वर केली नाही. "नदीचं नदीला दिल्याबिगर मासा आपला कसा व्हईल? आन्‌ आपला न्हाई त्याचं माप कशाला घ्यायचं?"

आबा उठले. सुतळी घेतली. शेपटीकडच्या गाठीपासून त्यांनी आपला पंजा पसरला. एक वीत, म्हणजे बारा बोटं, आणि वर दोन. तिथे चिमटीत धरलं. तेवढी शेपटी होती त्या कटल्याची, आबांच्या हाताला ती पाठ होती. "रशीदभाई, पुन्ना धरा."

रशीदभाईंनी पुन्हा धरली. आबांची चिमूट रेघेच्या कितीतरी अलीकडे राहिली. मोजलं. दहा बोटं कमी.

"म्हंजी?" मावसा म्हणाला.

"म्हंजी तुमची आई जितली," रशीदभाई म्हणाले. "बसा आता निवांत."

मावसानं टाळी वाजवायला हात वर केले आणि आबांकडे बघून तसेच खाली घेतले.

आबांनी आज्जीला विचारलं, "तुमाला ठावं व्हतं. मंग बोलला का न्हाई?"

"माजा मासा केवढा व्हता ते मला ठावं हाय की," आज्जी म्हणाली. "तुमी येवढ्या लांबनं आलता. तोंड बगायचं व्हतं तुमचं, कसं फुललं व्हतं. म्हनलं, टाकंना का पोरगं एक उंबर, नदी काय आटतीया व्हय?"

त्रेपन्न वर्षांच्या आबांना पोरगं म्हणणारं कुणी उरलेलं नाही. ते खळखळून हसले, डोहावरून आवाज परत येईल असे. वाकून आज्जीच्या पायांना हात लावला आणि दोन्ही हातांनी उंबर तिच्या ओंजळीत परत ठेवलं. आज्जीनं ते साती आसरांना दाखवून डोहात टाकलं. टुपकन आवाज झाला. खाली हिरव्या पाण्यात काहीतरी मोठं, सावकाश वळलं. मी पाहिलं. मावसानं नाही पाहिलं, त्यानं डोळे मिटले होते.

आबा म्हणाले, "आई, चाकू द्या."

चिमटीत धरलेल्या जागेवर त्यांनी सुतळी कापली. वीत आणि दोन बोटांचा तुकडा, गाठीसकट, पाण्यात सोडला. "ही बी नदीची." तो तुकडा डोहाच्या कडेनं फिरला, उंबराच्या मुळीला जरा अडला, मग सुटून धारेला लागला.

ती चिलापी तिथेच तीन दगडांवर भाजून सहाजणांत वाटली. सहावा वाटा आज्जीच्या भाच्याचा, तो म्हशींमागून आला होता. एकेकाच्या वाट्याला घासभरच आली. खाताना मावसा आबांना म्हणाला, "पावनं, तुमचा मासा बी काय ल्हान न्हाई बरं." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा. पुढे जरा थांबून म्हणाला, "दहा बोटं म्हंजी तरी किती?" आणि आपलीच बोटं पुढे धरून बघत बसला.

मोजपट्टी माझ्या पिशवीत होती. सगळे खाली उतरायला लागल्यावर मी मागे राहून दोन रेघांमधलं अंतर घेतलं. सेंटिमीटरमध्ये. आकडा मला माहीत आहे. तो मी इथे लिहिणार नाही. ज्यांना हवा त्यांनी आपली सुतळी घेऊन जावं.

घरी

परतल्यावर आईनं पहिल्यांदा सुतळीकडे बघितलं. "आखूड कशी झाली वो?"

"बराबर झाली," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर बाहेरच्या खिळ्यावर माझं पदवीपत्र होतं. काच पुसलेली. सुतळी दिसेना. विचारलं तर आबा जाळं विणता विणता म्हणाले, "होडीत हाय. खिळ्याला टांगून काय मासा मोठा व्हतोय व्हय?"

आता ते मोठा मासा निघाला की आधी शेपटी मुळापाशी छाटून पाण्यात टाकतात, मग सुतळी लावतात. व्यापारी कुरकुरतो, बिनशेपटीचा मासा बाजारात बरा दिसत नाही म्हणतो. आबा ऐकत नाहीत. आणि दर शनिवारी उत्रोलीहून फोन येतो. काल मीच स्पीकरवर टाकला.

"काय पावनं, किती ऱ्हायलं?"

"धा बोटं," आबा म्हणाले. "आईला सांगा, एक उंबर माज्यासाठी राखून ठिवा."

पलीकडून आज्जीचा आवाज आला, "झाडाला लई हायेत. ये तू."